आवाज बंद, तास चालू

११ जुलै, शुक्रवार

दौंडच्या सभेच्या भाषणाची सुरुवात लिहिली.

"शिरूर आणि दौंडच्या शिक्षक बंधू-भगिनींनो, आपल्या वर्गांच्या भिंतींना भोकं पाडून हे डिजिटल पडदे बसवले, तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं होतं? मला नव्हतं विचारलं. डस्टर मागितलं तर सत्र संपतं तरी येत नाही. पडदा मात्र न मागता आला!"

इथे टाळ्या. इथे थांबायचं. पुढे मुख्य मुद्दा: पडद्याला डोळे नसतात. मूल गोंधळलं की ते त्याच्या कपाळावर दिसतं आणि ते फक्त शिक्षकाला दिसतं. हा मुद्दा शेवटी ठेवावा, की आधीच सांगून टाकावा...

मोठ्याने म्हणून पाहिलं. "विचारलं" या शब्दावर आवाज फाटला. जूनपासून असंच चाललंय. उद्या दाखवावं लागेल.

१२ जुलै, शनिवार

शिरूरला घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. नाकातून नळी घालून पाहिलं. स्वरतंतूंवर गाठी आहेत, दोन्ही बाजूंना.

"कॅन्सर वगैरे काही नाही सर, घाबरू नका. पण तीन आठवडे एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही, ते तर आणखी वाईट."

विचारलं, आवाज परत येईल ना? (हे माझं शेवटचं वाक्य ठरलं.)

"येईल. पण पूर्वीसारखा येईल का, ते चार ऑगस्टला बघून सांगतो. शिक्षक, त्यात वक्ते. तुम्ही आवाज वापरलाय कसा, तर..."

सभा तीन ऑगस्टला आहे.

येताना रिक्षात सुनंदा म्हणाली, "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा माझं वाक्य पुरं होणार." दोघेही हसलो. घरी आल्यावर तिने चहा ठेवला, आणि पाठ माझ्याकडे करून उगाच बराच वेळ भांडी लावत बसली.

१३ जुलै, रविवार

आमच्या खुटबावच्या वस्तीत पुस्तकाच्या आधी भाषण आलं. वडिलांना अक्षर येत नव्हतं. जयंतीच्या सभेत ते मागे उभे राहून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मजुरीला गेले नाहीत. माझा हात धरून शाळेत गेले आणि मास्तरांना म्हणाले, "याला बसवा." कुणाच्या तरी एका भाषणाने हे केलं. तेव्हापासून माझी श्रद्धा आहे की शिकवणं म्हणजे बोलणं. एवढी पुस्तकं वाचली तीही बोलण्यासाठीच. घरात तीन भिंतींना कपाटं आहेत. आज दिवसभर त्यांच्याकडे बघत बसलो.

हा आवाज गेला तर वर्गात जाऊन उभा राहणारा माणूस कोण असेल?

१४ जुलै, सोमवार

मु. अ. म्हणाले, रजा घ्या. मान हलवली. नाही. नववी ब ला या वर्षी मराठीला दुसरं कुणी नाही.

घरातली जुनी पाटी सोबत घेतली आहे. जे बोलायचं ते तिच्यावर.

शिंदे मॅडम गणिताच्या, वयाने माझ्या निम्म्या. शाळेत पडद्याची बाजू घेऊन भांडणाऱ्या त्याच. म्हणाल्या, "मग पडदा वापरा की सर! लॉकडाऊनमधले तुमचे व्हिडिओ हायेत ना. तुम्हीच शिकवा, तुम्हीच बसून बघा."

पाटीवर लिहिलं: शत्रूचं शस्त्र उचलू?

"शत्रू? रोज माझ्या डब्यातलं लोणचं खाता, तवा शत्रू न्हाई दिसत?"

सगळी स्टाफरूम हसली. मला उत्तर सुचलं, चांगलं होतं, पण पाटीवर लिहीपर्यंत शिळं झालं. बोलणाऱ्या माणसाची अर्धी ताकद वेळेत असते, हे आज कळलं.

१५ जुलै, मंगळवार

लावला व्हिडिओ. नववी ब, अर्जलेखन. मी शेवटच्या बाकावर बसलो.

पडद्यावर मी. केस काळे, मागे कपाट. आणि काय आवाज! ऐकत राहिलो. उदाहरण घेतलं होतं आमच्या खुटबावकडचं: कालव्याच्या पाण्याचं आवर्तन वेळेवर सुटत नाही, ऊस जळतोय, म्हणून पाटबंधारे खात्याला अर्ज. मायना, विषय, विनंती, सगळं रंगवून सांगितलेलं. स्वतःवर खूश झालो, लपवत नाही.

शेवटी पडद्यावरच्या मी विचारलं, "कळलं का?"

सगळा वर्ग एका सुरात: "हो सर!"

पडद्याला!

वाटलं, चेष्टा करताहेत. शेजारच्या बाकावरच्या वैष्णवीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. "हो सर" म्हणून ती पेनाचं टोपण चावत बसली होती.

१६ जुलै, बुधवार

काल घरून अर्ज लिहून आणायला सांगितलं होतं. विषय: तुमच्या भागातली एक अडचण. आज वाचले.

ही कारेगावची मुलं. बहुतेकांचे आईबाप रांजणगावच्या कंपन्यांत, राहायला भाड्याच्या खोल्या, पत्र्याला पत्रा लागलेल्या. आणि जवळजवळ सगळ्यांनी कालव्याचं पाणी मागितलंय. रितेश यादवचे वडील बिहारहून येऊन कंपनीत लागले, त्यांच्या खोलीसमोर तुळस लावायला जागा नाही. रितेश लिहितो, "आमचा पाच एकर ऊस जळत आहे." आवाज न करता इतका हसलो की डोळ्यांत पाणी आलं. मग हसू थांबलं.

पाटी वर्गाला दाखवली: आवर्तन म्हणजे काय?

रितेश म्हणाला, "सर, मशीनचा पार्ट हाय काय?"

पाटी: मग काल "हो" का म्हणालात?

वैष्णवी उभी राहिली. "सर, तुम्ही इचारलं की हो म्हणायचं असतंय."

पाटी: पडद्यालाही?

"तुम्हीच व्हता की त्याच्यात. आन् न्हाई म्हणलं तर तुम्ही परत पहिल्यापासनं सांगता. लय भारी सांगता सर, पण..."

"मधली सुट्टी जाती," मागून कुणीतरी.



१७ जुलै, गुरुवार

आज गुरुवार, नेहमीप्रमाणे लाइट नाही. पडदा बंद, मी बंद. फळ्यावर एक ओळ लिहिली, "तुमच्या गल्लीत काय बिघडलंय?" आणि खुर्चीत बसलो.

आधी सगळे माझ्याकडे बघत राहिले. मग एकाला कंठ फुटला. शाळा सुटायच्या वेळेला कंपनीच्या बसगाड्या गेटसमोरून सुसाट जातात.

"ब्रेकर पायजे तिथं!"

"ब्रेकर केला तर माझ्या पप्पांची बस लेट व्हईल, हाफ डे लागंल."

"मग काय आमी मरायचं काय, तुज्या पप्पांच्या हाफ डेसाठी?"

"तू रस्त्यात रील काढतो, तुला कोन मारतंय? तूच मरशील!"

अर्ज कुणाला लिहायचा यावर अक्षरशः बाकावर चढून भांडले. शेवटी वैष्णवीने ठणकावून सांगितलं की असले अर्ज थेट मुख्यमंत्र्यांना जातात, आणि सगळ्यांना ते पटलं. मी ताडकन उठलो, तोंड उघडलं आणि घसा धरून खाली बसलो. रस्ता कुणाच्या ताब्यात, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. आत्मविश्वासाने चुकत होते, आणि चूक सांगणारा मुका.

तरी खरं लिहितो. एवढी बोलताना ही मुलं मी कधी ऐकली नव्हती. आणि आणखी खरं: त्या तासाला मला काही काम नव्हतं, ते मला सोसलं नाही.

२१ जुलै, सोमवार

मॅडमच्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. शंकू. पडद्यावर शंकू फिरत होता, उलगडत होता, रंग बदलत होता. सुंदर. माझ्या खडूला सात जन्मात जमणार नाही.

"समजलं?"

"हो मॅडम!" तोच सूर. तीच पट्टी.

बाहेर आल्यावर पाटी दाखवली: त्यांना समजलेलं नाही.

त्या लाल झाल्या. "तुम्हाला गणितातलं काय कळतं सर? तुम्हाला बोलता येत न्हाई म्हणून, न्हाईतर आज भांडणच झालं असतं." आणि निघून गेल्या. डब्याच्या वेळी दुसऱ्या टेबलावर बसल्या.

२३ जुलै, बुधवार

मॅडम स्वतःहून आल्या. कागद वाटून मुलांना शंकू करायला लावला म्हणे. निम्म्यांनी भेळेचा पुडा केला आणि तळ कुठे गेला ते शोधत बसले.

"तुमचं बरोबर निघालं. पण सर, तुमच्या वर्गात बी तेच असणार."

पाटी: तेच आहे.

मला वाटतं माझ्याकडून एवढं छोटं उत्तर त्यांना पहिल्यांदाच मिळालं. मग म्हणाल्या, "दौंडचं भाषण कोण करणार?"

खांदे उडवले.

"मी वाचते. पडद्याला कितीबी शिव्या असू द्या, एक शब्द इकडचा तिकडं करणार न्हाई. तुमच्यासारखा हात वर करून वाचू का?"

२६ जुलै, शनिवार

भाषण पुन्हा काढलं. सुरुवात खरीच आहे, एक अक्षर बदलणार नाही. आपल्याला विचारलं नाही. वर्ग आपला, निर्णय दुसऱ्याचा, आणि वापराचे फोटो मात्र आपण पाठवायचे. यावर गप्प बसणं हा अपराध आहे.

"पडद्याला डोळे नसतात" इथे मात्र पेन अडलं. पडद्याला नसतात, मान्य. मला होते. एवढी वर्षं बोलताना मी मुलांकडेच बघत आलो. पण काय बघत होतो? ऐकताहेत का, ते. रंगलेत का, ते. कळतंय का, ते मी तोंडाने विचारत होतो आणि "हो सर" ऐकून पुढे जात होतो.

आता कुणी म्हणेल, मग शिक्षकाने गप्पच बसावं. ते मला मुळीच मान्य नाही. ज्या घरात एकही पुस्तक नाही त्या घरातल्या मुलाला आधी कुणाचा तरी जिवंत आवाज लागतो, हे मी मरेपर्यंत सांगेन. त्या गुरुवारी मी बोलू शकलो असतो तर तो अर्ज मुख्यमंत्र्यांकडे निघाला नसता. पण मी बोलू शकलो असतो तर ते भांडणच झालं नसतं. या दोन वाक्यांच्या मध्ये कुठेतरी शिकवणं आहे. कुठे ते अजून...

३० जुलै, बुधवार

अर्ज अखेर मार्गी लागला. रस्ता कुणाचा ते मुलांनी ग्रामपंचायतीत जाऊन विचारलं. तिथल्या कारकून आप्पांनी आधी पिटाळलं, मग पाणी पाजलं, मग खातं सांगितलं. अर्ज मुख्यमंत्र्यांऐवजी तिकडे गेला. उत्तर यायचंय.

सुटल्यावर वैष्णवी दाराशी थांबली. "सर, आवाज कवा येणार?"

पाटी: सोमवारी डॉक्टर सांगतील.

"आला की परत पहिल्यासारखं का?"

तिला भीती वाटत होती, की आशा होती, ओळखता आलं नाही. पाटी पुसली. खडू हातात घेतला. कोऱ्या पाटीकडे बघून ती गेली.

२ ऑगस्ट, शनिवार

उद्या दौंड, परवा डॉक्टर. आज गिळताना दुखत नाही. याचा अर्थ काय, माहीत नाही. सुनंदा म्हणते, आवाज कसाही आला तरी घरात पुरेल. वर्गात पुरेल का, ते ती बोलत नाही.

मॅडमनी संध्याकाळी फोनवर सगळं भाषण वाचून दाखवलं. मी ऐकत होतो, सुनंदा माझ्या वतीने "पुढं" म्हणत होती. शेवटाला मॅडम अडल्या. "सर, हे नक्की ठेवायचं? पाचशे माणसांत? लोक हसतील तुम्हाला." सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. "ठेवायचं म्हणतात," ती म्हणाली.

तो शेवट इथे उतरवून ठेवतो:

"शिक्षकहो, पडदा ठेवायचा की काढायचा, यावर आपण भांडूच, आणि आपल्याला विचारल्याशिवाय यापुढे काही होऊ देणार नाही. पण त्याआधी माझं एक काम करा. मला माझ्या वर्गात काय दिसत नाही, ते मला एकट्याला कळणार नाही. तुमच्यापैकी एकाने तरी या आठवड्यात कारेगावला या. नववी ब, दुसरा तास. मी बोलत असेन किंवा नसेन, आवाज घोगरा असेल, नाहीतर पाटी असेल. माझ्याकडे बघू नका. शेवटच्या बाकावर बसा, मुलांचे चेहरे बघा, आणि न कळता 'हो सर' म्हणालेल्या एका तरी मुलाचं नाव तास सुटल्यावर माझ्या तोंडावर सांगा."