फगनीदीदींची कुटकी

कुंडम, जि. जबलपूर

तीर्थरूप आईस, माझा आणि तुझ्या नव्या नातीचा नमस्कार.

तुला येता आलं नाही म्हणून काहून जीव जाळून राहिली? गुडघे कसे आहेत?

आधी मला दूधच उतरत नव्हतं. पोर लहानखुरी आहे, पण आता पोटभर पिते. शेजारच्या फगनीदीदी गोंड आहेत, त्या रोज कुटकीची पेज आणतात. आपली उपासाची भगर असते ना, तशीच. इथे बाळंतिणीला देतात.

काल कळलं, ही कुटकी त्यांनी स्वतःच्या लेकीच्या बाळंतपणासाठी राखली होती. मी नको म्हटलं, तर रागावल्या, "काहे, तू बिटिया नहीं है?"

माझ्यासाठी वळलेले डिंकाचे लाडू दादाच्या हाती लवकर पाठव. मला नकोत. त्यांच्या लेकीला आठवा लागला आहे.

तुझी,
अंजनी