साहेबांचं चुकलं हे सांगायचं कोणी?

तीर्थस्वरूप काकांना, खुर्चीवरून उठून केलेला नमस्कार. (पुढचं बसून लिहितो, गुडघा कुरकुरतोय.) तुमचा खोकला कसा आहे? काकू पथ्य पाळतात ना, की तुमच्यासमोर नुसतं हो म्हणतात? आमच्या कन्येने डिझाइनचा कोर्स सोडून बँकेच्या परीक्षेला बसावं, हा तुमचा निर्णय पोचला. बाबा गेल्यापासून माझी नोकरी, लग्न, घराचा रंग, सगळं तुम्हीच ठरवलंत. (लग्नाबद्दल तक्रार नाही. रंगाबद्दल बोलत नाही.) होकार लगेच कळव म्हणालात. कळवतो, पण आधी कारखान्यातली गंमत ऐका.

आमचा फर्निचरचा कारखाना परदेशी मालकाने घेतला आणि तिकडचा एक साहेब आला. ताडमाड उंच, स्वभावाने गरीब. पहिल्याच दिवशी म्हणाला, मला नावाने हाक मारा. आम्ही एकमुखाने हो म्हटलं आणि नावाला 'साहेब' जोडून मोकळे झालो. तो आमच्यात बसून डबा खाई, तर आमच्या घशाखाली घास उतरेना. स्वतः उठून पाणी घेई, तर शिपाई हिरमुसून बसे, माझं काय चुकलं म्हणून. दर मीटिंगला विचारायचा, कोणाला वेगळं वाटतंय का? आम्ही हसून माना डोलवायचो. काका, मी तुमच्या धाकात वाढलेला, मान डोलवण्यात मला कोण हरवणार!

मग त्याने कपाटाचं नवं ड्रॉइंग दिलं. त्यात दाराचं हँडल बिजागऱ्यांच्याच बाजूला! (तिथून ओढून दार उघडत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं.) मुख्य सुताराने माझ्याकडे पाहिलं, मी रंगाऱ्याकडे पाहिलं आणि सगळे कामाला लागलो. काय देखणं काम झालं म्हणून सांगू! एक हँडल केसभर वाकडं नाही. साहेबाने कौतुकाने एक दार ओढलं. मग पाय रोवून ओढलं. कपाट पुढे आलं, दार काही उघडलं नाही. त्याने हळूच विचारलं, हे तुम्हाला आधी कळलं होतं? आम्ही छाती फुगवून म्हटलं, म्हणजे काय, पहिल्याच दिवशी!

तो मटकन खाली बसला. त्यांच्याकडे म्हणे वरिष्ठांची चूक पोटात ठेवली तर त्यांचा अपमान होतो. आपल्याकडे ती ओठांवर आणली तर होतो. आम्ही बिचाऱ्याला मान देऊन देऊन दमलो आणि तो आपला एकटा पडला होता. शेवटी त्याने जाहीर केलं, मला सर्वांदेखत खोडून काढेल तो सुपरवायझर.

मी आरशासमोर सराव केला, तर आरशातल्या माणसालाच "माफ करा" म्हणायला लागलो. मग कन्या साहेब होऊन समोर बसली. मी गुळमुळीत बोललो की म्हणायची, बाबा, पुन्हा. मीटिंगमध्ये साहेब म्हणाला, सगळी दारं फेकून नवी करू. मी उभा राहिलो. म्हटलं, "साहेब, तुमचं बरोबरच असणार, पण तसं करू नका. बिजागऱ्या काढून पलीकडे बसवू, भागेल." मुख्य सुताराने डोळे घट्ट मिटले. साहेबाने टाळ्या वाजवल्या! काका, ऊर भरून आला हो. मोठ्यांसमोर 'पण' म्हणणारा आपल्या घराण्यातला मी पहिला, आणि सुपरवायझरही पहिलाच. (दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याने मला सर्वांदेखत खोडून काढलं. त्याच्याशी मी अजून बोलत नाही. ते वेगळं.)

काकूंना नमस्कार, आणि औषध वेळेवर घ्या.

तुमच्या शब्दाबाहेर नसलेला,
पुतण्या

ता. क. तुमचा शब्द मी आजवर मोडला नाही. आज मोडतोय. कन्या बँकेची परीक्षा देणार नाही, डिझाइनच शिकेल. तिने मला बोलायला शिकवलं, मला तिचा फार अभिमान वाटतो. रागवायचं तर माझ्यावर रागवा.

आणखी एक ता. क. वरचं वाचून कन्या आधी रडली. मग म्हणाली, आजोबांना एकदम एवढं नको, जरा गोड करून लिहा. तिलाही मी नाही म्हटलं.