व्हरांड्याची शिक्षा

५ ऑक्टोबर १९४२
ही रोजनिशी इंग्रजीत लिहायचं ठरवलं होतं. शाई पातळ निघाली. इंग्रजी उद्यापासून.

हेडमास्तर भय्यासाहेबांनी बोलावून सांगितलं, ब्रह्मदेशातून आलेली तीन मुलं तुमच्याकडे. मा खिन, बारा वर्षांची. तिचा धाकटा भाऊ मौंग टिन. आणि ली, रंगूनच्या एका चिनी सुताराचा मुलगा. तिघं तुळशीराम फिटरकडे राहतात. तो लढाईआधी रंगूनला होता, आता इथे फॅक्टरीत आहे. मार्चमध्ये इन्स्पेक्टर येणार. इंग्रजी आलं तर मुलं आपल्या शाळेत. नाही आलं तर दुसऱ्या प्रांतातल्या कॅम्पात.

शाळेच्या निम्म्या खोल्या मिलिटरीने घेतल्या आहेत. म्हणून वर्ग माझ्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत.

भय्यासाहेब म्हणाले, "जमेल का, रत्नाकरराव?" मी म्हटलं, मार्च कशाला, नाताळ पुरे.

७ ऑक्टोबर
तुळशीराम आला होता. लीचं कोणी उरलेलं नाही. त्या दोघा भावंडांचे वडील म्हाताऱ्या आईला घेऊन मागून पायी निघाले. त्यांच्याजवळ एकच पत्ता आहे: तुळशीराम, जबलपूर. तो म्हणाला, "मास्टरजी, बच्चे यहाँ से हिले तो बाप ढूँढेगा कहाँ?"

मी त्याला धीर दिला. इंग्रजीत दिला. त्याला समजलं नाही, पण बरं वाटलं असावं.

८ ऑक्टोबर
पद्धत ठरली. खोलीत फक्त इंग्रजी. दुसऱ्या भाषेतला शब्द निघाला की बाहेर व्हरांड्यात, तास संपेपर्यंत. अपवाद नाही. मलाही नाही.

हिला सांगितलं. अनसूया म्हणाली, "पोरं डोंगर चढून आली, अन् तुम्ही त्यांना उभं करून राहिले? काहून?" शास्त्रीय पद्धतीची तिला कल्पना नाही. मराठी चौथी.

२१ ऑक्टोबर
मुलं गप्प. चांगलं लक्षण. भाषा आत साठते आहे.

१२ नोव्हेंबर
अजून साठते आहे. मी रोज पूर्ण तास बोलतो. माझं इंग्रजी बरंच सुधारलं.

खिडक्यांना ब्लॅकआउटचा काळा कागद चिकटवला. दिवसासुद्धा दिवा लावावा लागतो. फायदा असा की बाहेरचं काही दिसत नाही आणि लक्ष उडत नाही.

२ डिसेंबर
थंडी. खोलीत बोटं आखडतात. आज पहिला नियमभंग. मौंग टिन बर्मी भाषेत काहीतरी बोलला. बाहेर काढला. लगेच बहीण बोलली. मग ली चिनी बोलला. तिघंही बाहेर. उरलेला तास रिकाम्या खोलीला दिला. धडा अर्धा सोडण्याची मला सवय नाही.

९ डिसेंबर
मी पुस्तक उघडण्याआधीच मा खिन एक बर्मी शब्द बोलली, हात जोडले आणि स्वतःच बाहेर गेली. आपली चूक आपण ओळखणं. रंगूनला हे शिकवत नसावेत. माझा परिणाम.

१८ डिसेंबर
हिने चित्रांचं इंग्रजी पुस्तक मागितलं. पाटाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली हवं असेल. दिलं. पुस्तकांचा असा उपयोग मला पसंत नाही, पण घरात भांडण नको.

२५ डिसेंबर
भय्यासाहेबांनी नाताळची आठवण करून दिली. कोणता नाताळ ते मी बोललो नव्हतो.

४ जानेवारी १९४३
व्हरांड्यातून हसण्याचे आवाज. शेजारच्या बेबीताई आणि ही. दार उघडून बजावलं, शिक्षा चालू असताना हसू नये. बेबीताई म्हणाल्या, "आम्ही मुगवड्या घालून राहिलो, मास्तर. ऊन काय तुमच्या शाळेचं आहे?" मी इंग्रजीत सडेतोड उत्तर दिलं. मौंग टिन परत हसला. कशाला ते कळलं नाही.

१४ जानेवारी
संक्रांत. मुलांनी तिळगूळ दिला आणि देताना जे म्हणायचं ते म्हटलं. मराठीत. उच्चार स्वच्छ. तिघांना बाहेर काढलं. सण आहे म्हणून नियम बदलत नाहीत.

लाडू खाताना माझ्या तोंडून "वा, छान" गेलं. मीही बाहेर.

मुलं उभी नव्हती. सतरंजीवर बसून मटार सोलत होती. शिक्षेचा हा अर्थ नव्हे. पण ऊन चांगलं होतं. ही म्हणाली, "बसा. तुम्हाला पण काढलं काय?" गरम पोहे मिळाले. शिक्षा शेवटपर्यंत भोगली.

२३ जानेवारी
या आठवड्यात आणखी तीनदा चुकलो. तिन्ही वेळा स्वतःला बाहेर काढलं. भय्यासाहेबांनी रस्त्यावरून पाहिलं. त्यांना म्हटलं, शिक्षक स्वतःला सोडत नाही, हे मुलांना दिसलं पाहिजे. माझ्या हातात बशी होती.

११ फेब्रुवारी
इन्स्पेक्टर सहा मार्चला येणार. तुळशीरामला कोणी सांगितलं की ब्रह्मदेशाच्या वाटेवरच्या एका नदीच्या अलीकडे एक माणूस म्हातारीला पाठीवर घेऊन चालताना दिसला होता. केव्हा, ते माहीत नाही.

फॅक्टरीचा संध्याकाळचा भोंगा झाला की मा खिन फाटकापाशी जाऊन उभी राहते. तिला तिथे कोणी उभं केलेलं नाही.

५ मार्च
रंगीत तालीम. सगळे प्रश्न विचारले. उत्तरं मीच दिली. उत्तम झाली. उद्याची काळजी नाही. झोप येत नाही, ती डासांमुळे.

६ मार्च, दुपारी
इन्स्पेक्टर बापूसाहेब नागपूरचे. खोलीत बसले. दिवा लावला. त्यांनी इंग्रजीत नाव विचारलं. शांतता. वडील कुठे आहेत, विचारलं. शांतता. मी खुणा केल्या. भय्यासाहेब छताकडे पाहत होते. बापूसाहेबांनी पेनचं टोपण काढलं.

तेव्हा मा खिन उठली. मराठीत म्हणाली, "सर, इथं आम्ही नाही बोलत. व्हरांड्यात चला ना."

सगळे गेले. मी नियमाप्रमाणे खोलीत राहिलो. काळ्या कागदाला कान लावला.

बापूसाहेबांनी तेच विचारलं. ही म्हणाली, "बाबा कुठं आहेत, ते विचारून राहिले साहेब. सांग, बेटा. भिऊ नको." मग मा खिनचा आवाज. "माय फादर इज वॉकिंग. ही नोज ओन्ली जबलपूर. इफ वी गो, ही विल कम अँड नोबडी इज हिअर."

ही वाक्यं माझ्या वर्गातली नाहीत. माझ्या वर्गात मांजर चटईवर बसतं.

ली म्हणाला, "आय कॅन मेक चेअर." मौंग टिनने हिच्या पुस्तकातलं अख्खं पान वाचलं आणि प्रत्येक वाक्याचा अर्थ बेबीताईंना मराठीत सांगितला. शेवटी हिचाच आवाज आला. "सर, प्लीज ईट पोहे."

हिला इंग्रजी कधी आलं, मला सांगितलं नाही. पाटाचा पाय अजून आखूडच आहे.

११ मार्च
हुकूम आला. मुलं जबलपूरलाच राहतील. नव्याने आलेली आणखी पाच मुलं याच वर्गात घ्यावीत. वर्ग व्हरांड्यात भरवावा. अर्थ मुलांना कळेल त्या भाषेत सांगावा. शिकवणारी व्यक्ती बदलू नये.

शेवटचं वाक्य मी भय्यासाहेबांना दोनदा वाचून दाखवलं आणि आभार मानले. ते म्हणाले, "अहो, वहिनींना सांगा." मी म्हटलं, शिक्षेची कल्पना माझी होती. शिक्षा नसती तर मुलं व्हरांड्यात पोचलीच नसती. ते सायकलवर बसून गेले.

१५ मार्च
तुळशीराम पेढे घेऊन आला. पुडा हिच्या हातात दिला. बाप अजून आलेला नाही. पत्ता मात्र कायम आहे. मा खिनने आज भोंग्यानंतर मौंग टिनला फाटकाशी पाठवलं, कारण तिला नव्या मुलांची अक्षरं तपासायची होती.

२२ मार्च
व्हरांड्यात जागा कमी पडते. आज एका वाक्यातली चूक मी मोठ्याने दाखवली. नवी मुलं एकदम गप्प झाली. ही म्हणाली, "अहो, मध्येच असं इंग्रजी नका झाडू, पोरं दचकतात. बोलायचंच असलं तर आत जा."

इथला नियम तिचा. नियम मोडणाऱ्यांतला मी नाही. आत आलो. दार लावलं, दिवा लावला.

पूर्ण तास इंग्रजी. एकही चूक झाली नाही.