भिंतीवर न लागलेलं चित्र

प्रिय करीमचाचा,

तुम्ही जाऊन चार महिने झाले आणि आज लिहायला बसलो, कारण काल चाचीचं पोस्टकार्ड आलं. कुणाकडून तरी लिहून घेतलंय तिनं : ‘बेटा, गुरुवारी येऊन राहिले. त्यायचं चित्र भिंतीवर लागलेलं एकदा डोळ्यानं बघते.’ आता तिला काय दाखवू, सांगा!

मी फार थकलोय, चाचा. विद्यापीठाला नव्या चित्रकलेचा संग्रह करायचाय. त्यासाठी गावोगाव एस.टी.नं फिरायचं, चित्रांचे फोटो आणायचे, समितीपुढे ठेवायचे आणि ‘बघू पुढच्या बैठकीत’ ऐकून परत यायचं. तुमच्या चित्राला मात्र पहिल्याच बैठकीत होकार मिळाला होता.

हिंगोलीत दुकानांच्या पाट्या रंगवणारे तुम्ही. उरलेल्या रंगांत जुन्या पत्र्यावर मोंढ्याच्या बाजारातल्या हळद निवडणाऱ्या बाया काढल्या होत्या. वरचा अर्धा पत्रा नुसता गंजका सोडलेला. त्या गंजात उन्हाळ्याची सगळी धूळ होती! समितीला तेच आवडलं.

आणि मी न्यायला आलो, तर गंज गायब. तिथं निळंशार आभाळ, बायांच्या अंगावर कोरी लुगडी, वरून चकचकीत व्हार्निश. काहून केलंत हो असं?

“अरे, विद्यापीठात मळका माल देतात व्हय? तुझी इज्जत काय राहील तिथं?” तुम्ही हसत म्हणालात.

दर दिवाळीला पाटीवर नवा हात फिरवायची तुमची रीत मला ठाऊक होती. तरी चित्र निवडल्याचं कळवताना ‘आता त्याला हात लावू नका’ एवढं लिहायचं सुचलं नाही. चूक माझीच.

समितीनं चित्र नाकारलं. ‘फोटोतलं हे नव्हेच,’ म्हणाले. आणि मी तुम्हाला काय सांगितलं? पहिल्याच दालनात लावलंय! तुम्ही अर्ध्या मोंढ्याला चहा पाजलात. मीही प्यालो. त्याची अजून लाज वाटते.

पण तुम्हीही एकदा बघायला यायचं होतं ना! रागावला असतात, मी सुटलो असतो. या महिन्यात येतो, पुढच्या महिन्यात येतो करत निघूनच गेलात.

चाचा, शब्द देतो. दालन बंद आहे, अशी थाप चाचीला मारणार नाही. तिला मागच्या कोठीत नेईन, तिच्यासमोर पत्रा ठेवीन आणि सांगेन की हे भिंतीवर कधी लागलंच नाही, मी खोटं बोललो. मग ती जे बोलेल त्यात तुमचंही धरून, मान खाली घालून ऐकून घेईन.

तुमचा,
मिलिंद