थोरल्या बाईची बाग

माय,

तू गेलीस तवा मी केवढा व्हतो, हे मला यंदा घट बसले त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं मी धरून चाललो व्हतो की मी सहा-सात वर्षांचा असंन, कारण तू मला आठवतेस. म्हणजे आठवत व्हतीस. हैदराबादेला परत येऊन आता आठ-पंधरा दिवस झाले, आज लिहाया बसलो. 

तुला माझं काही ठावं असायचं कारण न्हाई, म्हणून सांगतो. मी इथं एका बड्या नवाबाच्या बागेत पाणी ओढतो. त्याआधी जालन्याला सरकी काढायच्या कारखान्यात व्हतो, त्याआधी आगीनगाडीच्या रुळाखाली खडी टाकायला. कुठंच माझं बूड टिकलं न्हाई. ह्या बागेत टिकलो, ते तुझ्यामुळं असं मला वाटायचं. पाऊस उघडला, सकाळचं गवतावर दव दिसाया लागलं की माझे हात शिवशिवतात. झेंडू, तरवडाची पिवळी फुलं, मधून मधून बाजरीचं कणीस, असं तोरण मी करतो. एकदा बागेचा दारोगा थांबून बघत राहिला. म्हणला, "किसने सिखाया रे?" मी छाती फुगवून म्हणलो, "अम्मा ने."

कारण ते मला आत्ता बी दिसतंय. घरामागचं परसू. पितरांची अवस नुकती झालीय, भुई सारवलेली, अजून ओली हाय. तुळशीच्या वृंदावनाला पांढरी माती नि गेरूचे पट्टे. वाळल्या दुधीच्या तुंब्यांवर चुन्याचे ठिपके देऊन त्या वेलाच्या मांडवाला टांगल्यात, वारा आला की एकमेकीवर टकटक वाजतात. लिंबोणीपासून वृंदावनापर्यंत माळ न्यायचीय. मी खाली मान घालून सुई धरलीय. एक झेंडू नाकाला लावतो, तर हातावर फाटकन चापट बसते. "वास घेऊ नगं रं, देवाच्या आधी!" मी भोकाड पसरतो. मग तेच हात ते उष्टं फूल उचलून माझ्या कानावर खोचतात. "हे तुझं. देवाला दुसरं घेऊ." त्या हातांना तोंड न्हाई, मी वर बघितलंच नव्हतं. पण हात तुझे. एवढ्या एका दिवसावर मी मोठा झालो.

आबानं दुसरी केली. गाव तुला थोरली म्हणतं नि तिला धाकटी. रीतीपरमाणं तुझा टाक तिच्या गळ्यात असतो, नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर मेलेल्या सवतीची आकृती. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. मला ते कधी सोसलं न्हाई. बाग तुझी, आणि तू मात्र तिच्या गळ्यात, दावं बांधल्यागत. यंदा ठरवूनच निघालो की टाक घेऊन यायचा, इथं माझ्याजवळ ठेवायचा. जालन्याला उतरलो, गोदागंगा ओलांडली, गेवराईकडनं चालत मागच्या दारानंच घरी गेलो.

ती परसातच व्हती. टाक गळ्यातनं काढून लिंबोणीच्या फांदीला बांधला व्हता, आणि त्याच्याशी बोलत व्हती. "थोरल्या बाई, पहिली माळ तुमची. आता बाकीची फुलं तोडू का?" शेजारची आत्या वृंदावनाला टेकून तरवड ओवत बसलेली.

"आलास?" धाकटी म्हणली. "किती वाळलास रं."

मी सरळ फांदीला हात घातला. "हे मी नेणार."

"ने की. पण आता घट बसले. देव नऊ दिवस हलवत न्हाईत. दसरा झाल्यावर ने, ह्या थोरल्या बाई बी घरच्याच देव हायत."

माझं डोकं फिरलं. "घरची म्हणून मला सांगती? ह्या परसातलं झाडन् झाड माझ्या मायनं लावलंय. तू नुसती पाणी घालणारी!"

आत्या हसाया लागली. हसता हसता तिला ठसकाच लागला. "आरं येड्या, तुझी माय व्हती तवा हितं उकिरडा व्हता! आमच्या दोन्ही घरांची राख नि शेण हितंच. आणि तू कवा बघितलंस तिला? ती गेली तवा तुला पालथं पडता येत नव्हतं."

"आत्याबाई, गप बसा वो."

"कावून गप बसू? घोडा झालाय आता."

धाकटीनं हातातली फुलं सुपात ठेवली. मग खाली बघूनच बोलली. "मी आले तवा तू चार वर्षांचा. पोरांनी सावत्र, सावत्र म्हणून तुझे कान भरले व्हते. माझ्या हातचं पाणी पीत नव्हतास. मग मी उकिरडा उपसला, झाडं लावली, सजवलं, आणि तुला म्हणलं, ही बघ तुझ्या मायची बाग. तवा आलास. तरी पहिल्याच वर्षी मी चुकले. फुलाचा वास घेतलास म्हणून चापट मारली, तर केवढा रडलास. शेवटी कानावर फूल खोचलं तवा गप झालास."

माय, भुई फाटली म्हणतात ते हेच. मी तिच्या हातांकडं बघितलं. तेच व्हते. आणि मला पहिली गोष्ट काय वाटली असंल, तर तू आत्ता मेलीस. आत्ता, माझ्यादेखत.

मी आत्याला इचारलं, "मग ती कशी व्हती?"

"कशी म्हंजे? तुझ्यागत. पाय घरात ठरत नव्हता. आणि फुलं म्हणशील तर ती शेळीला चारायची. माझ्या दारची अख्खी शेवंती तिच्या शेळीनं फस्त केली, आणि ही बया मागं उभी राहून पोट धरून हसतीया. मी शिव्या घालते, तर जास्तच हसतीया."

धाकटीला बी हसू फुटलं. तिनं बी हे पहिल्यांदाच ऐकलं व्हतं.

मी नऊ दिवस गावातनं हाललो न्हाई. रोजची माळ आमी दोघांनी ओवली. दसऱ्याला टाक फांदीवरनं उतरवला. तिनं माझ्यापुढं धरला, घे म्हणून. घासून घासून त्यावरचं नाक-डोळं गेल्यात. मी दोरा हातात घेऊन तिच्या मानेशी नेला, आणि तिनं मान वाकवेपर्यंत तसाच उभा व्हतो. मग तिच्याच गळ्यात बांधला. तुला इचारलं न्हाई.

हा कागद कुणाकडं धाडावा असं ठिकाण न्हाई, म्हणून पटक्यात ठेवणार हाय. एक मात्र सांगून टाकतो. लिहायला बसलो की शेवंती खाणारी शेळी मला सपष्ट दिसती. तिच्या मागं हसत उभी असलेली बाई बी दिसती. पण तिला तोंड द्यायला गेलो की धाकटीचंच येतंय. रागावू नगंस.