आमच्या फाटकासमोरचा साठचा फलक

तीर्थस्वरूप मामांस,

एका हाताने नमस्कार (दुसरा कानावर आहे, बाहेरून ट्रक चाललाय). तुमचे गुडघे कसे आहेत? मामींचा खोकला? आईची तब्येत ठणठणीत, पण तोंड उतरलेलं. समोरच्या शिंपीणबाई तिची जिवाभावाची मैत्रीण, आणि रस्ता गुळगुळीत झाल्यापासून दोघी आपापल्या फाटकात उभ्या राहून नुसता हात हलवतात. परवा आईने धीर करून पाऊल टाकलं, तर एक गाडी तिची चप्पल घेऊन गेली. (चप्पल वळणावर सापडली. नशीब, तिच्यात पाय नव्हता.)

म्हणून मी नगरपालिकेत गेलो, चाळीसची वेगमर्यादा वीस करा म्हणून. साहेब भलतेच सज्जन. म्हणाले, अधिकार सर्वस्वी आमचाच, फक्त वापरण्याआधी मोजणी लागते. मग नारिंगी जाकीट घातलेला एक माणूस यंत्र घेऊन रस्त्याच्या कडेला उभा राहिला. त्याला लांबूनच बघून एकजात सगळे गाड्या गरीब गाईसारख्या चालवायला लागले. निष्कर्ष निघाला: वाहनं मुळातच सावकाश जातात, मर्यादा कमी करण्याची गरज नाही.

माझं डोकंच फिरलं. पुन्हा अर्ज केला, आणि या खेपेला त्या माणसाला मीच आपल्या मेंदीच्या कुंपणामागे लपवला. खुर्ची दिली, चहा दिला, आईने तर पाठीला उशीसुद्धा दिली. गाड्या सुसाट! आम्ही आत टाळ्या पिटतोय. साहेबांनी आकडे पाहिले आणि शांतपणे नियम वाचून दाखवला: बहुतेक लोक ज्या वेगाने जातात, तीच मर्यादा ठेवायची. काल फलक लागला. साठ! तोही आमच्या फाटकाला खेटून, म्हणजे आम्हाला बघायला लांब जायला नको. आईने माझ्याशी बोलणं टाकलंय. टाकणारच.

बाकी सगळं छान. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. मामा, तुमच्या गाडी चालवण्याला आम्ही जन्मभर हसलो. लग्नाला निघालात की बारशाला पोचता, असंही मीच म्हणायचो. सगळे शब्द मागे घेतो. आमचा रस्ता अरुंद आहे, तुम्हाला ओलांडून कुणी पुढे जाऊ शकत नाही. गाडी घेऊन राहायलाच या. रोज संध्याकाळी फाटकासमोरून एक फेरी मारा, पेट्रोल माझं. पालिकेला जे जमलं नाही ते तुम्हाला उपजतच येतं.

ता. क. २. आईला विचारलं. ती बोलली एकदाची! म्हणाली, भाऊ येतोय तर आनंदच आहे. पण ती रस्ता ओलांडणार ते तुम्ही पुढे गेल्यावर, मागच्या गाडीच्या समोरून. तुमच्या समोरून नाही. तुम्हाला ब्रेक सापडायला वेळ लागतो, म्हणे.