जमादार आणि हवालदार यांची वाटणी होणार नाही

मी, ज्यास सर्व लोक कोचमास्तर या नावाने ओळखतात, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा कोच-खुर्च्या भरण्याचा (आता निवृत्त), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. पुरावा पाहिजे असल्यास कोणीही माझ्यासमोर गवताच्या दोन पेंढ्या ठेवाव्यात; कोणती यंदाची आणि कोणती गतसालची, हे मी डोळे मिटून वासावरून सांगेन.

माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले. तरीही हा मजकूर माझाच आहे. वकीलसाहेबांनी आधी एक मसुदा तयार करून दिला होता. अक्षर छापील होते, कागद उत्तम होता, परंतु त्यात माझ्या सशांचा उल्लेख 'इतर जंगम वस्तू' असा केला होता. मी तो परत केला.

वकीलसाहेब म्हणाले, "मास्तर, कायद्याच्या नजरेत जनावर म्हणजे मालमत्ताच."

मी म्हणालो, "मग कायद्यालाच पाठवा रोज सकाळी गवत घालायला."

ते हसले. सज्जन आहेत. त्यांनी पुढे फक्त कलमांची भाषा तपासून दिली.

कलम पहिले : हत्यारे

माझ्या वाकड्या सुया, लांब सुया, चुंबकाची हातोडी, पट्टा ताणण्याची फळी आणि खिळ्यांचे सर्व डबे माझ्या जुन्या कारखान्यातील हाताखालच्या कारागिरास द्यावेत. तो आता स्वतः मालक आहे, पोट सुटले आहे, तरी स्प्रिंगांना गाठ मारताना अजून जीभ बाहेर काढतो. त्याची गाठ सुटत नाही.

मोठी कातर मी माझ्या धाकट्या भावास देत आहे. ती त्याच्याकडेच आहे. आमच्या आईच्या आजारपणात 'दोन दिवसांसाठी' म्हणून नेली, ती परत येणे म्हणजे सशाला शिंग फुटण्यापैकी होते. आज ती मी रीतसर देऊन टाकली, म्हणजे मी मरताना तरी माझा भाऊ चोर ठरणार नाही.

कलम दुसरे : शेजारी

शेजारच्या निवृत्त मुख्य कारकुनांनी माझ्याविरुद्ध अर्ज केला होता, की 'सदर इसमाने घरात मोठे उंदीर पाळले आहेत'. अर्ज फेटाळला गेला. मी त्यांना क्षमा केलेली नाही. तथापि त्यांच्या कुंपणालगतचे गुलाब गेली काही वर्षे एवढे का फुलतात, हे मला ठाऊक आहे. सशांच्या लेंड्यांचा डबा मी परसाच्या कोपऱ्यात ठेवतो आणि तो आपोआप रिकामा होतो. त्या खतावर माझ्या पश्चात त्यांचा हक्क राहील. मात्र त्यांनी पुढच्या दाराने येऊन मागून न्यावे.

कलम तिसरे : ससे कोण, कसे आले

माझी पत्नी गेल्यानंतर माझा मुलगा, जो विमा कचेरीत आहे, एके दिवशी पोपटाच्या पिंजऱ्याएवढ्या पिंजऱ्यात दोन ससे घेऊन आला. म्हणाला, "बाबा, तुमची करमणूक होईल." मी म्हणालो, "आणि यांची?" पिंजरा मी त्याच दिवशी भंगारवाल्यास दिला.

दुकानदाराने दोन्ही नर असल्याची हमी दिली होती. राखाडी, मिशाळ, तो जमादार. पांढरा, कपाळावर तपकिरी ठिपका, तो हवालदार. दोन महिन्यांनी हवालदार तोंडात गवत धरून घरभर फिरू लागला, स्वतःच्या पोटाचे केस उपटू लागला, आणि एका सकाळी हवालदार बाळंत झाला. पाच पिल्ले. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी येऊन तपासले आणि त्या म्हणाल्या, "मास्तर, अभिनंदन. नाव बदला आता." मी बदलले नाही. हुद्दा एकदा दिला तो दिला. जमादाराची मात्र त्यांनी वेळेवर शस्त्रक्रिया केली, त्यामुळे पुढील वंशविस्तार थांबला.

पाचही पिल्ले मी घरे पाहून दिली. मुलीचे स्थळ पाहावे तसे पाहिले. एका गृहस्थाने विचारले, "कान धरून उचलायचं ना?" मी त्यांस दाराबाहेर नेऊन निरोप दिला. ती पाचही पिल्ले आज धडधाकट आहेत. ही गोष्ट किती लोकांस आपल्या मुलांविषयी सांगता येते, मला ठाऊक नाही.

कलम चौथे : कोच

दिवाणखान्यातील हिरवा कोच हे माझ्या हयातीतील सर्वोत्तम काम आहे. काथ्या हाताने पिंजलेला, स्प्रिंगा आठ दिशांनी बांधलेल्या, कडेची शिवण आजही दोऱ्याइतकी सरळ. तो मी पत्नीसाठी केला. माझी सून लग्नानंतर प्रथम त्यावर बसली, तेव्हा चार पाहुण्यांदेखत म्हणाली, "दिसायला छान आहे हो बाबा, पण बसायला कडक आहे." कोच कडक नाही. ज्याची पाठ सरळ असते त्यास तो मऊच लागतो. असो.

या कोचाचे खालचे गोणपाट हवालदाराने कुरतडले आणि आतील काथ्या कोरून दोघांनी तेथे बीळ केले. मुलगा म्हणाला, "बाबा, दुरुस्त करू या." मी नको म्हटले. मोठमोठ्या लोकांनी माझ्या कामाची तारीफ केली, परंतु त्यात राहायला कोणी गेले नव्हते. कोच आहे तेथेच, आहे तसाच राहील.

कलम पाचवे : निगा

एक. गवत. दिवसभर समोर असलेच पाहिजे. सशाचे दात जन्मभर वाढतात. ते गवताने झिजतात, लाडाने झिजत नाहीत. गाजर ही मिठाई आहे. जो येतो तो गाजर घेऊन येतो आणि स्वतःस प्राणिमित्र समजतो.

दोन. अंघोळ घालू नये. ससा स्वतः स्वच्छ राहतो, आणि अंघोळीच्या भीतीने मरतोही.

तीन. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय फाकतात. सर्व खोल्यांत मी गोणपाट शिवून अंथरले आहे. ते काढू नये, मग पाहुणे काहीही म्हणोत.

चार. मागचा पाय जमिनीवर आपटला तर घाबरू नये. तो हुकूम आहे. काय चुकले ते शोधावे.

पाच. ससा दुखणे लपवतो. लोक भित्र्या माणसास 'सशाचे काळीज' म्हणतात. मी तर पाहिले आहे, की पोटात कळ असताना हा प्राणी तोंडातून शब्द काढत नाही आणि माणसे सर्दी झाली तरी घर डोक्यावर घेतात. म्हणून सशाने खाणे सोडले, की उद्या पाहू म्हणू नये. त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंकडे न्यावे.

सहा. या दोघांस वेगळे करू नये. याचे कारण पुढील कलमात आहे.

कलम सहावे : जे घडले ते

मागील वर्षी माझे हर्नियाचे ऑपरेशन झाले. मी इस्पितळात असताना माझ्या मुलाने व मुलीने, कोणावर अन्याय नको म्हणून, सशांची वाटणी केली. जमादार मुलाकडे गेला, हवालदार मुलीकडे. दोघांचा हेतू चांगला होता हे मी नमूद करतो. वाटणी करण्यात आमचे घराणे पटाईत आहे. आमच्या वडिलांची पितळी परात आम्ही भावांनी करवतीने कापली असती, आईने ओरडून थांबवले म्हणून वाचली.

मुलीने हवालदारास मऊ रजई दिली, सफरचंदाच्या फोडी दिल्या. मुलाने जमादारासाठी नवे भांडे आणले. दोघांनीही खाणे सोडले. आणि माझ्या दोन्ही अपत्यांनी, एकमेकांच्या तोडीस तोड मानी असल्यामुळे, ही गोष्ट एकमेकांपासून लपवली. 'तुझ्याकडे राहिला नाही ना' हे वाक्य दोघांसही ऐकायचे नव्हते. ससेहोलपट हा शब्द मी लहानपणापासून ऐकला होता. त्याचा अर्थ माझ्या मुलांनी मला दाखवला.

पुढील हकिकत मला माझ्या मुलीने सांगितली. ती आपल्या वहिनीची स्तुती सहसा करीत नाही, म्हणून तिच्या शब्दावर माझा विश्वास आहे.

माझ्या सुनेने जमादारास भाजीच्या टोपलीत टॉवेल घालून बसवले, वरून ओढणी बांधली आणि बसने थेट नणंदेचे घर गाठले.

"वहिनी, तू? अशी अचानक?"

"हा खात नाही. तुझा खातो का?"

मुलगी टोपलीवरची ओढणी उचलून आत पाहू लागली.

"अगं, विचारतेय मी. खातो का?"

"नाही."

"मग फोन करायला काय तोंडाला कुलूप घातलं होतंस?"

"दादाने तरी कुठे केला?"

"तुम्ही दोघं भावंडं ना, बाबांचीच. हो बाजूला, आत येऊ दे."

तिने टोपली स्वयंपाकघरात जमिनीवर ठेवली आणि डॉक्टरीणबाईंस फोन लावला. त्यांनी सांगितल्याप्रमाणे गवताची भुकटी पाण्यात कालवून, सुई काढलेल्या पिचकारीने दोघांस थेंब थेंब भरवली. जमादार आधी हलेना. हवालदार त्याच्याजवळ गेली, त्याचे डोळे चाटले, मग कान चाटले. सून तेथेच भिंतीला टेकून बसून राहिली. दुसऱ्या दिवशी जमादाराने कोथिंबिरीची एक काडी ओढली, आणि म्हणे त्या काडीसाठी नणंद-भावजय दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मी घरी परतलो तेव्हा ससे एकत्र होते. कोणी मला काही सांगितले नव्हते. जमादार हडकला होता, त्यावरून मी ओळखले आणि मुलीस उभे करून विचारले.

कलम सातवे : घर

सर्व विचार करून मी सुनेस बोलावले आणि म्हणालो, "घर तुझ्या नावावर करतो. ससे तू सांभाळ."

ती म्हणाली, "ससे सांभाळीन. घर नको."

"घराशिवाय ससे देणार नाही. त्यांना हे परसू लागतं, हे गोणपाट लागतं, तो कोच लागतो."

"आणि उद्या लोक काय म्हणतील? सशांना गवत घालून सुनेने घर खाल्लं! नको बाबा. तुमचा मान तुमच्यापाशी, माझा माझ्यापाशी."

मला राग आला. असे तोंडावर बोलणारे आमच्या घरात आजवर फक्त एकच माणूस होते, आणि ते मीच. आम्ही दोघे समोरासमोर बसलो होतो. मधे हवालदार बसली होती.

यातून मार्ग वकीलसाहेबांनी काढला, त्याचे श्रेय मी त्यांस देतो. हे राहते घर मुलगा व मुलगी यांचे समान मालकीचे होईल. परंतु दोहोंपैकी एकही ससा जिवंत असेपर्यंत ते विकता, वाटता किंवा भाड्याने देता येणार नाही. तोवर घराच्या किल्ल्या सुनेकडे राहतील आणि घरात सशांसंबंधी तिचा शब्द अखेरचा राहील. बँकेतील ठेव प्रथम गवत व औषधपाणी यांसाठी वापरावी. उरेल ते दोघा भावंडांनी घ्यावे. एक ससा आधी गेल्यास त्याचे शरीर दुसऱ्याजवळ काही वेळ ठेवावे, म्हणजे त्यास कळेल आणि तो शोधत बसणार नाही. नंतर एकट्यास एकटे ठेवू नये. डॉक्टरीणबाईंच्या सल्ल्याने जोडीदार आणावा. मात्र तो आल्यास घर अडकून राहण्याची मुदत वाढणार नाही, अशी ओळ सुनेने स्वतः घालावयास लावली.

कलम आठवे : सुनेची अट

एवढे झाल्यावर माझी समजूत होती की व्यवहार पूर्ण झाला. सून उठली, चहाचे कप उचलले आणि म्हणाली, "माझी एक अट आहे."

मी म्हणालो, "मृत्युपत्र माझं आहे. अटी मी घालतो."

"मग घाला. मी चालले."

"बोल."

"मेल्यावर नाही. आत्तापासून. तुम्ही समोर असताना. गवताचा भारा तुम्हाला उचलवत नाही, हे मला माहीत आहे. मागच्या खेपेला नखं कापताना जमादाराच्या पायाला रक्त आलं, तेही मी पाहिलंय. तुमचा हात थरथरतो बाबा. तुम्ही गेल्यावर मी कोणाला विचारू, बरोबर करतेय का म्हणून?"

चाळीस वर्षे मी या हातांनी वाकडी सुई चालवली. या हातांविषयी असे बोलण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. दोन दिवस मी हे कलम कोरे ठेवले.

वकीलसाहेबांचे म्हणणे असे, की मृत्युपत्र मृत्यूनंतरच अमलात येते, तेव्हा हे कलम येथे बसत नाही. ते त्यांच्या जागी बरोबर आहेत. तरीही मी ते येथेच लिहीत आहे, कारण माझा शब्द मी कागदावरच देतो: सुनेची अट मला मान्य आहे.

आज सकाळी ती आली. मांडीवर टॉवेल घेऊन जमिनीवर बसली, जमादारास पाठीखाली हात देऊन घेतले, एक एक नख उजेडाकडे धरून आतील लाल शीर पाहिली आणि तिच्या अलीकडे कापले. मी हात पाठीमागे बांधून शेजारी उभा होतो. मला चूक काढता आली नाही. जमादार तिच्या मांडीवरून उतरला, अंग झाडले आणि तिथेच तिच्या पायाशी आडवा झाला.

तिने मान वर करून विचारले, "काय बाबा?"

मी म्हणालो, "उत्तम."

हे मी कोणाच्याही दडपणाखाली म्हटलेले नाही.

ठिकाण : राहते घर, मागची खोली
दिनांक : ९ ऑक्टोबर, शुक्रवार

लिहिणार : (सही) कोचमास्तर

आमच्यासमक्ष वरील सही झाली. लिहिणार पूर्ण शुद्धीवर होते आणि सही करताना त्यांनी कोणाचाही आधार घेतला नाही.

साक्षीदार पहिल्या : (सही) सशांच्या डॉक्टरीणबाई
साक्षीदार दुसरे : (सही) समोरचे घड्याळजी